नागझरीचा दुसरा गोलकीपर

भंडाऱ्याचा डाग पांढऱ्या कापडावरून जात नाही. साबण लावला की लाल होतो, उन्हात टाकला की फिकटतो. जात नाही.

डाव्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधायचं, तव्यावर गरम करून. उजव्याला काही लागत नाही. उजवा अजून चांगला आहे.

कपात विझवलेली सिगरेट. त्यासाठी तळाला चहाचा एक घोट मुद्दाम राखून ठेवतात.

माझ्या नवऱ्याला अंघोळीला फार वेळ लागायचा. सासूबाई म्हणायच्या, "हे पोरगं न्हातंय का पोथी वाचतंय?"

वडगावच्या बाजारात म्हैस घेताना आधी कास चाचपतात. डोळ्यात बघू नये, असं माझे वडील सांगायचे. डोळ्यात बघितलं की भाव करता येत नाही.

पावसाळ्यात कोल्हापुरात फुटबॉल नसतो. फुटबॉलवरचं बोलणं असतं. मैदानावरचा चिखल वाळतो, ते वाळत नाही.

बाक लाकडी होता. त्याला पाठ नव्हती.

"गोव्याचं पोरगं सहा फूट दोन इंच हाय," दिलावर म्हणाला. "नुसता हात वर केला की बार हाताला लागतोय. उडी मारायचं कामच न्हाई."

"उडी मारायचं काम नसलेला गोली चांगला, का मारणारा चांगला?" निवास म्हणाला.

"तू मोबाइल विक."

मी खिडकीत भाजी चिरत होते. नागझरी तालमीचा कट्टा आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कट्ट्यावर उघडते, म्हणजे मला संध्याकाळी रेडिओ लागत नसे. तालमीत कुस्ती माझ्या लग्नाआधीच बंद झाली होती. आखाड्याच्या जागी चेंडूंची पोती, जाळ्या, बूट आणि एक मारुती. पण पेठेचा फुटबॉल संघ तालमीच्याच नावानं खेळायचा, आणि त्यात कुणी कुणी खेळायचं हे कट्ट्यावर ठरायचं. ठरवणारे तिघं. विलासआण्णा मोहिते, तालमीचा अध्यक्ष, धंदा मांडव घालायचा. दिलावर शिकलगार, रिक्षावाला. आणि निवास, कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान. तिघांपैकी एकानंही आयुष्यात चेंडूला डोकं लावलेलं नव्हतं.

"मला बॅकची काळजी हाय," विलासआण्णा म्हणाला. "उजवा बॅक मागच्या वर्षी नुसता थेटरातला गेटमन होता. येईल त्याला आत सोडत होता."

"तिकीट पण बघत नव्हता."

"त्याला पाचगावच्या पोराशी बदलू या."

"बदलू या म्हंजे? माणूस हाय का गाडी?"

"गाडीला निदान कागदं असत्यात."

हसले. पिचकारी माझ्या खिडकीखाली, भिंतीवर. तिथं भिंतीचा रंग कुठला होता ते आता कुणालाच आठवत नाही.

"फॉरवर्ड तिघं हायत, आन एकाला बी डावा पाय न्हाई," दिलावर म्हणाला. "मधल्या फळीत तर बदलीला माणूसच न्हाई. एक लंगडला की संपलं. आण्णा, बेंच भक्कम पाहिजे. अकरा काय, कोण पण गोळा करतंय. मोसम बेंचवर जिंकत्यात."

"म्हणूनच म्हणतोय. गोवेकर जाळीत. आन संतू बेंचवर."

माझी सुरी थांबली. संतू म्हणजे संताजी इंगवले. माझा नवरा. नागझरीचा गोलकीपर, अकरा वर्षं.

"संतू बसंल व्हय बेंचवर?" निवासनं विचारलं.

"सांगायचं कशाला त्याला? भंडारा उचलला, नोंदणी झाली, की मग कुठं जातोय?"

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. दसरा झाला की खेळाडूंची नोंदणी होते. ज्या तालमीकडून नाव गेलं, तिच्याशिवाय वर्षभर दुसरीकडं खेळता येत नाही. आणि आमच्या तालमीत नोंदणीला जाण्याआधी मारुतीसमोर बेलभंडारा उचलायची रीत आहे. खेळाडू मुठीत भंडारा घेतो आणि म्हणतो, या मोसमात दुसऱ्या तालमीची पायरी चढणार नाही. मग कागदावर सही नसली तरी चालते.

"पण आण्णा," दिलावर म्हणाला, "खेळवायचा नसंल तर सोडू या की त्याला. त्याचं शेवटचं एखाद-दुसरं वर्ष ऱ्हायलंय. बुरूज तालमीवाले टपून बसल्यात."

"म्हणूनच सोडायचा न्हाई! डोकं चालव. बुरूजकडं गोली न्हाई. आपल्याकडं दोन. एक खेळवायचा, एक कुजवायचा. मोसम तिथंच संपला का न्हाई?"

मला वाटलं, आता तरी कुणीतरी काहीतरी म्हणेल.

"नाद खुळा, आण्णा," निवास म्हणाला.

कोपऱ्यावर स्कूटरचा आवाज आला. मी खिडकी लावून घेतली; बाहेर बोलणं चालूच होतं.

संताजी उद्यमनगरात लेथवर काम करायचा. घरी यायचा तेव्हा कोपरापर्यंत काळा असायचा, लोखंडाचा बारीक कीस केसांत चमकायचा. आला की सरळ न्हाणीत. मी त्याच्या येण्याची चाहूल लागली की खिडकी लावायचे, रोज, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. त्याच्या गुडघ्याबद्दल, वयाबद्दल, मागच्या वर्षी सोडलेल्या त्या एका गोलाबद्दल कट्ट्यावर जे बोलायचे ते त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून. न्हाणीत बादली भरल्याचा आवाज यायचा. पाणी ओतल्याचा बऱ्याच वेळानं.

त्या दिवशी तो बाहेर आला, गुडघा पुढं करून बसला. मी पान गरम केलं.

"आज कट्ट्यावर कोण होतं?" त्यानं विचारलं.

"नेहमीचेच."

"काय म्हणत्यात?"

"काय म्हणणार. उजवा बॅक."

तो हसला. "गेटमन."

सगळी पेठ त्या पोराला गेटमन म्हणायची. त्यानं तो शब्द तिथूनच उचलला असणार, असं मला तेव्हा वाटलं.

बुरूज तालमीचा निरोप गिरणीत आला. त्यांच्या प्रशिक्षकाची बायको सुलभाताई माझ्या पुढं रांगेत होती. तिनं ज्वारीचा डबा खाली ठेवला, इकडंतिकडं बघितलं.

"आमचे म्हणालेत, संताजीला विचार. पहिल्या सामन्यापासून जाळीत. लिहून देतो म्हणत्यात. गुडघ्याला पट्टी आम्ही घेऊ, डॉक्टर आमचा. एक वर्ष खेळू दे, मग पोरांना शिकवू दे. गोलीला शिकवणारा आमच्याकडं कोण न्हाई."

"आमच्यातल्या लोकांना कळलं तर?"

"तुमच्यातली लोकं काय करत्यात ते आम्हाला कळतंय की, बाई."

म्हणजे बुरूजपर्यंत गेलं होतं. सगळ्या शहराला माहीत होतं. फक्त संताजीला माहीत नव्हतं. पीठ कधी दळून झालं, मी कधी घरी आले, आठवत नाही. पिठाचा गरम वास तेवढा आठवतो.

संध्याकाळी मी संताजीला बुरूजचा निरोप सांगितला. सगळा. पट्टी, डॉक्टर, पोरांना शिकवायचं.

तो पावाचा तुकडा रश्शात बुडवून तसाच धरून बसला.

"अहो, खेळायचंय ना तुम्हाला?" मी म्हटलं. तोंडावर मी त्याला अहो म्हणायचे, मनात तो.

"खेळायचंय की. त्याच्याशिवाय दुसरं काय येतंय?"

"मग?"

"मी नागझरीचा हाय."

"दरवर्षी भंडारा उचलता म्हणून. यंदाचा अजून कुठं उचललाय? मोकळे आहात."

"बघू."

मी आणखी बोलणार होते. कुजवायचा, हा शब्द जिभेवर आला होता. पण तो माझ्या तोंडून त्याच्या कानात जाणं मला सहन झालं नसतं. विलासआण्णाच्या तोंडातली घाण मी का माझ्या ताटात वाढू?

पाव रश्शात विरघळून पडला.

रविवारी तिघं घरी आले. विलासआण्णा चप्पल घालूनच आत आला, मग काढली.

"वैनी, च्या टाका. आज खेळाडूची तब्येत बघायला आलोय."

संताजी कॉटवर बसला होता. विलासआण्णा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं गुडघा हातात घेतला. अंगठा दाबला, वाटी इकडंतिकडं सरकवली. मग टाचेला धरून पाय वाकवला, सरळ केला. दिलावर आणि निवास वाकून बघत होते. गुडघ्याच्या वर माणूस होता, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"कटकट वाजतंय," निवास म्हणाला.

"वाजू दे. स्कूटर पण वाजतीय न्हवं."

"दुखतंय का रे, संतू?"

"थोडं."

"चालतंय."

मी चहा आणला. विलासआण्णानं बशीत ओतला, फुर्रकन ओढला.

"वैनी, यंदा संतू आपला म्हंजे आपला. बुरूजवाल्यांनी काय निरोपबिरोप धाडला तर मला सांगायचं. तंगडं मोडीन एकेकाचं."

"पहिल्या सामन्याला जाळीत हेच ना?" मी विचारलं.

दिलावर बाहेर बघायला लागला. निवासनं मोबाइल काढला.

"म्हंजे काय!" विलासआण्णा म्हणाला. "दुसरा कोण हाय? आणून दाखवा की दुसरा."

माझ्या हातचा चहा पित होता तो. माझ्या कपातून. मला त्याच्या मिशीवरच्या चहाच्या थेंबाचीसुद्धा किळस आली. तोंड न लपवता, आवाज न बदलता, माझ्याच घरात बसून खोटं बोलला. आणि संताजी मान खाली घालून एरंडाचं पान परत बांधत होता, गाठ नीट बसेना म्हणून सोडून पुन्हा बांधत होता.

ते तिघं गेल्यावर मी कप उचलले. एकात सिगरेट होती.

नोंदणीच्या दिवशी सकाळी तालमीसमोर हलगी लागली. खेळाडू पांढरे शर्ट घालून रांगेत. पेठेतल्या बायका दारात औक्षणाला. आमच्या तालमीत अशी रीत आहे की संघातल्या सगळ्यात जुन्या खेळाडूच्या बायकोनं भंडाऱ्याचं ताट धरायचं. चार वर्षं ते मीच धरत होते. पितळेचं ताट, त्यात भंडाऱ्याची रास, वर बेलाची पानं. जड असतं.

रांगेत धाकटा आधी, थोरला शेवटी. एकेकजण पुढं यायचा, मूठ भरायचा, शपथ म्हणायचा, कपाळाला लावून सरकायचा. गेटमननंपण उचलला. त्याचं नाव नोंदणीला न देता त्याला पाचगावला पाठवणार होते हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं डोळे मिटून शपथ म्हटली, इतकं त्याला ते खरं वाटत होतं.

शेवटी संताजी. तो पुढं झाला. मी ताट मागं घेतलं.

"थांबा," मी म्हटलं.

हलगीवाला वाजवतच होता. विलासआण्णानं हातानं खूण केली, तो थांबला.

मी वळले आणि ताट विलासआण्णासमोर धरलं. त्याच्या शेजारी दिलावर, निवास.

"आण्णा, आधी तुम्ही उचला."

"मी? मी कशाला, वैनी? मी काय खेळतोय?" लोक हसले. तोही हसला.

"तुम्ही एवढंच म्हणायचं, पहिल्या सामन्याला जाळीत संताजी इंगवले उभा राहणार. मूठ भरा आणि म्हणा. मग हे उचलतील."

हसणं बंद झालं.

"वैनी, ही खेळाडूंची शपथ असती."

"भंडारा तोच आहे की."

"बायकांनी ह्यात पडू नये."

"मी कुठं पडतेय? मी ताट धरलंय. तुमच्या रितीनंच."

त्याचा हात वर आला. खरंच आला, ताटाच्या काठापर्यंत. सगळी पेठ त्या हाताकडं बघत होती. मग तो हात मानेकडं गेला आणि त्यानं मान खाजवली.

मी ताट निवाससमोर नेलं.

"ते कोच ठरवतंय, वैनी," निवास म्हणाला. "टीमचा विषय हाय तो. मी काय, मी साधा सपोर्टर."

दिलावरसमोर नेलं. दिलावर दरवर्षी भंडारा कपाळाला लावायचा, त्यात कधी कुणाला काही वेगळं वाटलं नव्हतं. त्यानं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळ्यात बघितलं.

"माझ्याकडनं व्हायचं न्हाई, वैनी," तो हळूच म्हणाला. "खोटं उचलायचं न्हाई मला."

एवढंच म्हणाला. त्याला वाटलं असावं, त्यानं फार मोठं काही केलं. सगळ्यांत जास्त किळस मला त्याची आली.

आता सगळ्यांना कळलं होतं. रांगेतल्या पोरांना, दारातल्या बायकांना, हलगीवाल्याला. मी संताजीकडं वळले. मला वाटलं, आता तो मागं फिरेल. गल्लीच्या टोकाला सुलभाताईचा नवरा मोटारसायकल घेऊन उभा होता, हे त्यालाही दिसत होतं. चार पावलं चालायचं होतं. कुणी अडवलं नसतं. अडवायला कुणाची मान वर नव्हती.

संताजी माझ्यासमोर आला. त्यानं दोन्ही हात भंडाऱ्यात घातले, मनगटापर्यंत. ओंजळ भरली.

"नागझरीचा म्हणून उभा राहीन," तो मोठ्यानं म्हणाला, "नागझरीचा म्हणून बसेन. दुसऱ्या तालमीची पायरी चढणार न्हाई."

बसेन हा शब्द शपथेत नव्हता. त्यानं घातला.

आणि ओंजळ वर उधळली. सगळं पिवळं झालं. विलासआण्णाचा कडक इस्त्रीचा शर्ट, निवासचा मोबाइल, माझे हात. कुणीतरी ओरडलं, हलगी सुटली, आणि क्षणापूर्वी खाली बघणारी माणसं नाचायला लागली. विलासआण्णानं संताजीला मिठी मारली. आण्णाचे डोळे भरून आले होते. खरेच भरून आले होते, तेच तर.

घरी येताना मी म्हटलं, "बसवणार आहेत तुम्हाला ते. वर्षभर."

"हं."

"मग का?"

"हात आखडले होते सगळ्यांचे," तो म्हणाला. "बघवना."

"आणि मला बघवेल?"

"च्या टाक," म्हणाला, आणि न्हाणीत गेला.

गोव्याचा पोरगा चांगला होता. त्याच्यावर राग काढावा असं त्याच्यात काही नव्हतं. संताजीला तो संतूभाय म्हणायचा. सामन्याआधी संताजी त्याला चेंडू मारून सराव द्यायचा, डावा गुडघा न वाकवता, मग जाऊन बाकावर बसायचा. मी एकदाच बघायला गेले. गॅलरीत माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "तो कोण रे, बाकावरचा म्हातारा?"

आण्णाचं डोकं चाललं. बुरूजनं कॉलेजातलं एक पोरगं जाळीत उभं केलं आणि अंतिम सामन्यात नागझरीनं त्याला चार गोल घातले. रात्रभर पेठेत गुलाल होता. लोकांनी विलासआण्णाला खांद्यावर घेतलं. खेळाडूंना नंतर.

जर्सी मी त्या मोसमातही धुतली, दर सामन्यानंतर. बादलीतल्या पाण्याला मातीचा रंग आला नाही.

अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी विलासआण्णा खिडकीखालून ओरडला, "वैनी! तुमचा पण वाटा हाय ह्या कपात! च्या येऊ दे!"

"कप फुटलेत," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

पुढच्या दसऱ्याला त्यांनी संताजीला मोकळं केलं. उपकार केल्यासारखं सांगायला आले होते, उंबऱ्याबाहेर उभे राहून. तोवर बुरूजला दुसरा गोलकीपर मिळाला होता. पोरांना शिकवायलाही तोच.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कट्टा तसाच आहे, आता तिथं दुसरी तीन माणसं बसतात. परवा न्हाणीला फरशी घालायला गवंडी आला होता. स्टुलावर चढून भिंत ठोकता ठोकता खाली बघून म्हणाला, "वैनी, हिकडनं कट्ट्यावरचं सगळं ऐकू येतंय की."

मी सकाळी न्हाते, तेव्हा कट्ट्यावर कुणी नसतं. न्हाणीची झडप कट्ट्याच्या बरोबर डोक्यावर उघडते. तिला काच कधीच नव्हती.